नवे हत्यार, शेजारचे हात

वाचकहो, यंदा खंडेनवमीला आपल्या घरी पाटावर काय काय मांडले होते, हे एकदा आठवून पाहा. विळी, सुरी, शिवणयंत्र, पक्कड आणि पान्हे ही जुनी मंडळी असतीलच. परंतु गेल्या काही वर्षांत त्यांच्या शेजारी बॅटरीवर चालणारे ड्रिल, चार इंची ग्राइंडर, जिगसॉ, लाकूड घासण्याचा सँडर अशी नवी मंडळीही हळदकुंकू लावून बसलेली दिसतात. ज्या घराण्यांत सुतारकाम कधी झाले नाही, अशा घरांतूनही ती दिसू लागली आहेत. निवृत्त बँक अधिकारी, संगणकक्षेत्रातील तरुण, शाळेतील शिक्षिका, नातवासाठी लाकडी गाडी करावयास बसलेले आजोबा, असा हौशी कारागिरांचा एक वर्गच तयार झाला आहे. पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर सुट्टीच्या आदल्या दिवशी फेरी मारली, तर धंद्याच्या कारागिरांच्या गर्दीत ही हौशी माणसे चटकन ओळखू येतात. ती दुकानदाराला प्रश्न फार विचारतात आणि वस्तू हातात घेतली की खाली ठेवीत नाहीत.

नवे हत्यार घरी आले की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. पहिली म्हणजे ते कोणाला तरी दाखवावेसे वाटते. रविवारी सकाळी सोसायटीच्या गच्चीवर खोके उघडले जाते, चार मित्र जमतात, चहा येतो, लाकडाच्या एका तुकड्यावर प्रयोग होतो. दुसरी गोष्ट आठवड्याभरात घडते. त्या चारांपैकी एक जण दारात उभा राहतो आणि म्हणतो, "काका, तुमचा तो ग्राइंडर दोन दिवस मिळेल का?"

या दाखवण्याविषयी आणि या उसने देण्याविषयी आजच्या लेखात लिहावयाचे आहे. आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय कशासाठी, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. पण हौशी कारागिरांना होणाऱ्या ज्या इजा दवाखान्यात दिसतात, त्यांच्या हकिकती ऐकताना "यंत्र माझे नव्हते हो, मित्राचे होते" हे वाक्य वारंवार कानी पडते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हत्यारे वाटून वापरणे ही चांगली प्रथा आहे आणि प्रस्तुत लेखकाला ती मोडावयाची नाही. घरगुती ड्रिल वर्षभरात प्रत्यक्ष किती वेळ चालते, याचा प्रत्येकाने आपल्यापुरता हिशेब करावा. प्रत्येक घरी ते स्वतंत्रपणे असण्याचे काहीच कारण नाही. अमेरिकेतील बर्कली शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९७९ पासून पुस्तकांप्रमाणे हत्यारेही सभासदांना घरी नेण्यास दिली आहेत. ऑस्ट्रेलियात तर याहून पुढची गोष्ट घडली. तेथे निवृत्त आणि एकाकी पडलेल्या पुरुषांसाठी गावोगावी सामाईक कर्मशाळा निघाल्या. त्यांना ‘मेन्स शेड’ म्हणतात. समोरासमोर बसवले की पुरुष मनातले बोलत नाहीत, मात्र खांद्याला खांदा लावून रंधा मारताना आपोआप बोलू लागतात, हे त्या चळवळीचे सूत्र आहे. २००७ मध्ये या कर्मशाळांची राष्ट्रीय संघटना झाली आणि २०१० मध्ये त्या देशाच्या पुरुष-आरोग्यविषयक राष्ट्रीय धोरणात त्यांना स्थान मिळाले. सामाईक करवत आणि सामाईक बाक यांची नोंद आरोग्यधोरणात व्हावी, ही आपणही मनावर घेण्याजोगी घटना आहे. निवृत्तीनंतर दिवसभर दूरचित्रवाणीसमोर बसणारे आणि विचारले तर "सगळे ठीक" एवढेच सांगणारे गृहस्थ आपल्या प्रत्येकाच्या घरात किंवा शेजारी आहेत.

मग अडचण कोठे येते? पूर्वी सुताराचा मुलगा वाकस हाती धरण्यापूर्वी कित्येक वर्षे नुसता भुसा झाडत असे, लाकूड धरून बसत असे आणि वडिलांचे हात पाहत असे. हत्यार त्याच्या हाती येईपर्यंत त्याची भीती आणि त्याची रीत दोन्ही अंगवळणी पडलेली असत. आज आपण यंत्र विकत घेतो, परंतु ते पाहणे आपल्या वाट्याला आलेले नसते. नवा मालक स्वतःच त्या यंत्राशी आठ दिवस ओळख असलेला असतो आणि ज्याला ते उसने जाते, त्याची तर तेवढीही ओळख नसते. शिवाय उसने जाताना यंत्र एकटे जाते. माहितीपुस्तिका खोक्यात राहते, बाजूची मूठ फडताळात राहते, सुरक्षा-चष्मा मालकाच्या टेबलावर राहतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे चार इंची ग्राइंडर. स्वस्त, आटोपशीर आणि लोखंडी जाळीपासून फरशीपर्यंत सर्व काही कापणारा असल्यामुळे हौशी मंडळींत तोच सर्वाधिक फिरतो. त्याची चकती १०० मिलिमीटर व्यासाची असते आणि रिकामी चालताना ती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. गणित केले तर चकतीची कड सेकंदाला ५७ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. त्या वेगाने चकतीचा तुकडा उडाला तर तो कोणत्या दिशेने जावा, हे ठरवण्याचे काम अर्धगोल लोखंडी गार्ड करतो. आणि नेमका तोच काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे बोकाळली आहे. कोणाला मोठी चकती बसवावयाची असते, तर कोणाला कोपऱ्यात शिरताना गार्ड आड येतो. असा गार्ड नसलेला ग्राइंडर शेजारी गेला की घेणाऱ्याला त्यावर कधी गार्ड होता, हेही ठाऊक नसते. त्याला वाटते, हे यंत्र असेच असते.

चकतीच्या मध्यभागी जे धातूचे कडे असते, त्यावर बहुधा महिना आणि वर्ष छापलेले असते. ती वापराची मुदत होय. चकतीतील कण राळेने जोडलेले असतात आणि दमट हवेत व काळाच्या ओघात ती राळ कमजोर होते. कोकणातील चार पावसाळे पाहिलेली चकती दिसावयास नवी असली, तरी ती फेकूनच द्यावी. नवी चकती बसवल्यावर यंत्र स्वतःपासून आणि इतरांपासून दूर रोखून मिनिटभर रिकामे चालवावे. फुटायची असेल तर ती बहुधा तेव्हाच फुटते. काम करताना चकतीच्या रेषेत उभे न राहता किंचित बाजूस राहावे. कळ बंद केल्यावरही चकती काही सेकंद फिरत असते, म्हणून ती थांबेपर्यंत यंत्र खाली ठेवू नये. ग्राइंडरवर लाकूड कापण्याचे दातेरी पाते लावण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. पाते लाकडात अडकताच यंत्र उलटे उसळते आणि ते रोखण्याची ताकद मनगटात नसते. पुस्तिकेत हा निषेध लिहिलेला असतो. परंतु ती पुस्तिका, वर म्हटल्याप्रमाणे, खोक्यात राहिलेली असते.

आणखी एक धोका आपल्या वीजपुरवठ्याशी निगडित आहे. अनेक ग्राइंडरची कळ पुढे ढकलून अडकवता येते. काम चालू असताना वीज गेली की माणूस यंत्र जमिनीवर ठेवतो, चहाला जातो आणि अर्ध्या तासाने वीज येताच ते यंत्र जमिनीवर आपण होऊन नाचू लागते. म्हणून वीज गेली की आधी पिन काढावी. हे सांगितल्यावाचून ग्राइंडर कोणास देऊ नये.

एक हकिकत सांगतो. साठीच्या पुढचे एक गृहस्थ सकाळी लाल झालेला डोळा घेऊन आले. आदल्या दिवशी मित्राच्या नव्या ग्राइंडरने त्यांनी खिडकीची गजाची जाळी कापली होती. "चष्मा लावला होता की," असे ते निक्षून सांगत होते. लावला होता, पण तो वाचण्याचा. नाकावर अर्धा उतरलेला, कडेने मोकळा. लोखंडाचा कण बुबुळावर रुतला होता आणि रात्रभरात त्याच्याभोवती गंजाचे कडे धरू लागले होते. नेत्रतज्ज्ञांनी तो काढला आणि दृष्टी वाचली. मला मात्र वाईट वाटले ते पुढच्या माहितीचे. यंत्राच्या मालकाकडे उत्तम सुरक्षा-चष्मा होता आणि तो त्या दिवशी त्याच्या कपाटात होता.

म्हणून आपणांस सांगणे असे की, यंत्र आणि चष्मा ही जोडी फोडू नये. येथे चष्मा म्हणजे उन्हाचा गॉगल नव्हे. दोन्ही बाजूंनी झाकणारा आणि आघात सोसणारा चष्मा हवा. आपल्याकडे त्यासाठी आयएस ५९८३ हे मानक आहे. घेताना तो क्रमांक पाहावा. नंबरचा चष्मा असणाऱ्यांसाठी वरून घालता येणारे मोठे चष्मे मिळतात. हा चष्मा चालवणाऱ्याइतकाच पाहणाऱ्यालाही हवा. गच्चीवर नव्या यंत्राभोवती जे कोंडाळे जमते, त्यात यंत्र धरणारा एक असतो आणि उघड्या डोळ्यांनी वाकून पाहणारे चार. त्यांत बहुधा एखादे नातवंडही असते, आणि त्याचे डोळे ठिणग्यांच्या उंचीवर असतात. चष्मे कमी असतील तर बाकीच्यांनी भिंतीपलीकडून पाहावे. तेवढ्याने यजमानाचा मान कमी होत नाही.

डोळ्यांत कण गेल्याची शंका असेल तर डोळा चोळू नये. सुटी धूळ स्वच्छ पाण्याच्या धारेने निघून जाते. पण कण रुतलेला दिसला तर त्याला हात न लावता, डोळ्यावर दाब येणार नाही अशा बेताने कागदी पेल्याने झाकून तडक नेत्रतज्ज्ञांकडे जावे आणि "लोखंड कापत होतो" हे सांगावे. ही माहिती पुढेही जपावी. एमआरआय तपासणीच्या खोलीत प्रबळ चुंबक असतो आणि डोळ्यात राहून गेलेला लोखंडी कण तेथे हलू शकतो. तपासणीपूर्वी धातुकामाविषयी प्रश्न विचारतात, तो याचसाठी.

कानांची गोष्ट अधिक फसवी आहे, कारण तेथे रक्त येत नाही. ८५ डेसिबलचा आवाज ८ तास सोसणे ही मर्यादा धरली, तर दर ३ डेसिबलला तो काळ निम्मा होत जातो. १०० डेसिबलला तो अवघ्या १५ मिनिटांवर येतो. ग्राइंडर आणि विजेवरची करवत अनेकदा याच पट्टीत बोलतात आणि बंद खोलीत आवाज आणखी कोंडतो. काम संपल्यावर कानांत गुणगुण राहिली, तर तो कानांनी दिलेला इशारा समजावा. कापसाचा बोळा उपयोगी पडत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे बोटांनी वळून बारीक करावेत, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढून ते आत सारावेत आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावेत. हे बोळे मात्र उसने देऊ नयेत. ते ज्याचे त्याने घ्यावेत.

धुळीविषयी थोडक्यात. लाकडाची बारीक धूळ नाकाच्या पोकळीच्या कर्करोगास कारण ठरते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. तो वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्यांच्या अभ्यासातून आलेला आहे, तेव्हा महिन्यातून दोनदा रंधा मारणाऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण सँडरची धूळ आणि रंध्याच्या सालपटी यांत फरक आहे. सालपटी पायाशी पडतात, तर सँडरची धूळ तासन्‌तास हवेत राहते आणि दम्याच्या रुग्णाच्या खोलीपर्यंत पोहोचते. शिसव आणि सागवान यांच्या धुळीने काहींच्या अंगावर खाज व पुरळ उठते. रुमाल बांधून हे थांबत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मुखपट्टा लागतो, आणि दाढी राखणाऱ्यांना तो नीट बसत नाही, हेही ध्यानात असावे. सँडर उसना देताना त्याची धूळपिशवी सोबत द्यावी. झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. फरशी, सिमेंट किंवा वीट कोरडी कापणे तर फुप्फुसांच्या दृष्टीने लाकडापेक्षाही वाईट आहे, कारण त्या धुळीत सिलिका असते. असे काम घरात न करता ज्याच्याकडे पाणी सोडण्याची सोय असलेले यंत्र आहे, अशा धंद्याच्या माणसाकडे सोपवावे.

विजेवर न चालणारी हत्यारे निरुपद्रवी असतात, असा समज आहे. पटाशी घ्या. बोथट पटाशी अधिक जखमा करते, कारण तिला जोर लावावा लागतो आणि निसटली की तो सगळा जोर पुढच्या हातात घुसतो. हा हात बहुधा लाकूड धरून बसलेला डावा हात असतो. लाकूड क्लॅम्पमध्ये आवळले आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेवले, की हा अपघात होऊच शकत नाही. निसण्यावर नुकतीच लावलेली धार असेल तर देताना तसे बोलून दाखवावे आणि मूठ समोरच्याच्या हाती येईल अशा रीतीने द्यावे. जुन्या सुतारांकडे रंधा आणि पटाशी मागितली तर ते हसून विषय बदलतात. आपल्या हाताची धार परक्या हाताने बिघडते, असा त्यांचा अनुभव असतो, आणि मला ते पटते. सर्वच हत्यारे वाटून वापरण्याची नसतात.

हातमोज्यांबद्दल एक गैरसमज दूर केला पाहिजे. फिरत्या यंत्रावर, विशेषतः बाकावर बसवलेल्या ड्रिलवर, लेथवर किंवा टेबलावरच्या करवतीवर, कापडी हातमोजे घालू नयेत. धागा अडकला की हात आत ओढला जातो. हीच गोष्ट ओढणीची, सैल बाहीची, लांब मोकळ्या केसांची आणि अंगठीची. यंत्र हाती घेण्यापूर्वी अंगठी आणि मंगळसूत्र काढून ठेवण्यास घरातील वडीलधाऱ्यांनी हरकत घेऊ नये.

यंत्र मागणारा कोण आहे, हेही पाहावे लागते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लहानशी चीरही बराच वेळ वाहते. जुन्या मधुमेहाने बोटांची संवेदना कमी झाली असेल तर पाते लागल्याचे उशिरा कळते. सर्दीच्या काही गोळ्यांनी झापड येते. पेसमेकर बसवलेल्यांनी चालू मोटर छातीपासून किमान १५ सेंटीमीटर दूर ठेवावी आणि आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना एकदा विचारून घ्यावे. हे प्रश्न शेजाऱ्याला विचारणे अवघड वाटते, याची कल्पना आहे. "गोळ्या चालू आहेत का?" असे दारात उभे राहून कोण विचारणार?

त्यावर एक सोपा मार्ग आहे आणि तोच सर्वांत चांगला आहे. यंत्र एकटे पाठवू नये. आपणही त्याच्यासोबत जावे. "देतो की, पण मीही येतो. दोघे मिळून करू," असे म्हणावे. यात नकार नाही, संशय नाही आणि कोणाचा अपमानही नाही. एकाने लाकूड धरावे, दुसऱ्याने कापावे. गार्ड, मूठ, चावी आणि चष्मा आपल्याबरोबर आपोआप जातात. समोरच्याचा हात कापतो आहे किंवा त्याला दम लागतो आहे, हे न विचारता दिसते. आणि काम संपल्यावर जो चहा होतो, तो ऑस्ट्रेलियातील शेडमध्ये होतो तसाच असतो. पत्नी गेल्यापासून गप्प असलेला शेजारी जाळी कापताना तिच्याविषयी बोलू लागल्याचे मी ऐकले आहे.

वेळच नसेल तर निदान आपल्यासमोर पाच मिनिटे यंत्र चालवून घ्यावे, पाते किंवा चकती बदलताना पिन किंवा बॅटरी काढण्याची सवय दाखवावी आणि यंत्रात काही खोड असेल, कळ अडकते, वायर सोलली आहे, तर ते यंत्र मुळीच देऊ नये. गच्चीवर लांब वायर ओढावयाची असेल तर ती ज्या बोर्डावरून येते तेथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे ना, हे पाहावे. घेणाऱ्यानेही काही पथ्ये पाळावीत. काही मोडले तर परत करताना आधी सांगावे. तडा गेलेली चकती तशीच लावून परत करणे, ही केवळ असभ्यता राहत नाही. पुढच्या वेळी ती मालकाच्या तोंडासमोर फिरणार असते.

इतके करूनही जखम झालीच तर काय करावे? स्वच्छ कापडाने जखमेवर घट्ट दाब द्यावा आणि हात छातीच्या वर धरावा. दर मिनिटाला कापड उचलून पाहू नये. हळद, कॉफीपूड किंवा मलम भरू नये. शल्यचिकित्सकाला पुढे तेच उकरून काढावे लागते. बोट तुटले असेल तर तो तुकडा हलक्या हाताने धुवावा, ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळावा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिचे तोंड बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. तुकडा थेट बर्फावर ठेवू नये, कारण त्याने पेशी गोठून मरतात. तो पाण्यात किंवा दुधात बुडवूही नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि बोट जोडण्याची शस्त्रक्रिया जेथे होते अशा रुग्णालयात न्यावे. आपल्या शहरात ती कोठे होते, याची चौकशी आजच करून क्रमांक हत्यारांच्या पेटीच्या झाकणावर आतून चिकटवावा. धनुर्वाताची लस, म्हणजे हल्लीची टीडी, दर १० वर्षांनी घ्यावयाची असते; जखम मातीने वा गंजाने मळलेली असून शेवटच्या मात्रेस ५ वर्षे उलटली असतील तर डॉक्टर ती पुन्हा देतात. शेवटची मात्रा कधी घेतली हे आठवत नसल्यास, ती तारीखही त्याच झाकणावर लिहून ठेवण्यासाठी या आठवड्यात घेऊन यावी.